आकृतीस गती देण्याचे दोन मार्ग : वर्णन आणि आज्ञा

वेबवरील आकृती हलती करावयाची झाल्यास आज मुख्यत्वे दोन मार्ग उपलब्ध आहेत. एका मार्गात कोणती गोष्ट, कोणत्या वेळी, कोठून कोठपर्यंत आणि किती काळात बदलते एवढे आकृतीच्या संहितेतच लिहून ठेवावयाचे, आणि तो बदल प्रत्यक्षात कसा घडवून आणावयाचा हे ब्राउझरवर सोपवावयाचे. दुसऱ्या मार्गात स्वतंत्र आज्ञावली लिहून, दर क्षणी काय करावयाचे ते ब्राउझरला पायरीपायरीने सांगावयाचे. पहिल्यास वर्णनात्मक मार्कअप व दुसऱ्यास स्क्रिप्ट असे म्हणतात. या दोहोंपैकी सोयीचा कोणता आणि वेगवान कोणता, याविषयी संगणकशास्त्राच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. भाषाभ्यासकाचा प्रश्न निराळा आहे. आकृतीतील गतीचा अर्थ नेमका कोठे राहतो, लिहिलेल्या संहितेत की ती चालविण्याच्या कृतीत, हा तो प्रश्न होय. आपल्या विभागांस तो केवळ तात्त्विक कुतूहलाचा नाही. मुखविवराच्या छेदचित्रात जिभेची हालचाल दाखविणाऱ्या आकृत्या, देवनागरी अक्षराचे वळण रेघेरेघेने उमटविणाऱ्या आकृत्या, वाक्यातील सुराचा चढउतार दाखविणारे आलेख, अशी सामग्री आता वेबवर ठेवली जाते. आणि ती वीस वर्षांनी उघडेल की नाही, हे बऱ्याच अंशी लिहिण्याच्या वेळी निवडलेल्या मार्गावर अवलंबून राहते.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. वेबची मानके ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने ४ सप्टेंबर २००१ रोजी एसव्हीजी या चित्रभाषेची पहिली आवृत्ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. छायाचित्राप्रमाणे ठिपक्यांची रास न साठविता रेषा, वर्तुळे, वक्र आणि अक्षरे यांचे शब्दांत वर्णन करणारी ही भाषा आहे. मध्य येथे, त्रिज्या एवढी, रंग असा, एवढे सांगितले की वर्तुळ झाले. तीत लिहिलेला मराठी मजकूर मजकूर म्हणूनच राहतो. तो शोधता येतो, उतरून घेता येतो; आणि त्यास मराठीची भाषाखूण जोडली व तशी सोय असलेला टंक वापरला, तर ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही उमटतात.

त्याच दिवशी त्याच संस्थेने चित्रांस गती देण्याविषयीचे आणखी एक मानक प्रसिद्ध केले. ते स्माइल या भाषेतून निघालेले होते. स्माइलची पहिली आवृत्ती १५ जून १९९८ ची. ध्वनी, चित्र व मजकूर यांचा काळ परस्परांशी जुळवून ते एकत्र सादर करावे, हा तिचा मूळ हेतू. (आद्याक्षरांपासून बनविलेल्या नावाचा उच्चार स्मितवाचक इंग्रजी शब्दासारखा व्हावा, ही योजकांची हौस!) अंधांसाठी तयार होणाऱ्या डेझी पद्धतीच्या बोलक्या पुस्तकांत, तसेच २०११ च्या ईपब ३ या ग्रंथमानकात, छापील शब्द आणि त्याचे वाचन यांची सांगड याच भाषेच्या आधारे घातलेली आहे. एसव्हीजीने तिच्यातील चित्रगतीचा भाग तेवढा उचलला.

स्क्रिप्टचा मार्ग याहून जुना आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली, आणि वेबपृष्ठावरील वस्तू आज्ञावलीने हलविण्याची प्रथा तेव्हापासूनची. मार्कअपमधील गतिवर्णन अवतरले तेव्हा स्क्रिप्टचे पाय चांगलेच रोवले गेले होते, ही गोष्ट पुढील घटना समजण्यास उपयोगी पडेल.

आता एक साधे उदाहरण घेऊ. एक ठिपका डावीकडून उजवीकडे न्यावयाचा आहे. वर्णनात्मक मार्कअपमध्ये त्या वर्तुळाच्या पोटात ॲनिमेट नावाचा एक घटक ठेवतात व त्यात चार गोष्टी नोंदवितात: बदलणारा गुण म्हणजे मध्याचा आडवा निर्देशांक, आरंभीचे मूल्य २०, अखेरचे मूल्य १८० आणि अवधी ३ सेकंद. याचे मराठी करावयाचे तर ते असे होईल: ‘या वर्तुळाचा मध्य तीन सेकंदांत २० पासून १८० पर्यंत जातो.’ स्क्रिप्टमध्ये तीच गोष्ट पुढीलप्रमाणे सांगावी लागते: ‘आरंभीची वेळ टिपून ठेव. पडदा नव्याने रंगविण्याची वेळ आली की मला हाक मार. हाक आली की किती वेळ लोटला ते मोज. त्याचे तीन सेकंदांशी प्रमाण काढ आणि त्या प्रमाणात मध्य सरकव. तीन सेकंद पुरे झाले नसतील तर पुन्हा हाक मार. झाले असतील तर थांब.’

मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे अर्थ मानले जातात. वरील पहिले वाक्य उघडच स्वार्थी आहे आणि दुसरी वाक्यमाला आज्ञार्थी. हा भेद केवळ लेखनशैलीचा नव्हे. स्वार्थी वाक्यावरून अनुमान करता येते. दीड सेकंदाने मध्य कोठे असेल, असे कोणी विचारल्यास, ठिपका एकदाही न हलविता ‘१०० वर’ असे उत्तर देता येते. ही हालचाल किती वेळ चालते, तिचे शेवटचे दृश्य कोणते, ती कोणत्या वस्तूस लागू आहे, यांची उत्तरे संहितेच्या पृष्ठभागावरच लिहिलेली असतात. आज्ञामालेवरून तीच उत्तरे काढावयाची तर ती माला मनातल्या मनात किंवा यंत्रावर चालवून पाहावी लागते. आमचे उदाहरण अगदी लहान असल्याने ते जमते. परंतु कोणतीही आज्ञावली दिली असता ती कधी थांबेल की नाही, हे तिच्या केवळ वाचनावरून ठरवून देणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली दाखविलेल्या सिद्धान्तातून निष्पन्न होते. म्हणजे ही अडचण वाचकाच्या आळसाची नसून आज्ञावलीच्या सामर्थ्यातच ती आहे. रॉबर्ट कोवाल्स्की यांनी १९७९ साली, कृतिरीती म्हणजे तर्क अधिक नियंत्रण, असे सूत्र मांडले होते. काय साधावयाचे हा तर्काचा भाग आणि ते कसे साधावयाचे हा नियंत्रणाचा भाग. ॲनिमेट घटकात पहिला भाग तेवढा लिहिलेला असतो. स्क्रिप्टमध्ये दोन्ही भाग एकमेकांत विणलेले असतात आणि ते पुन्हा सोडविणे सहसा शक्य होत नाही.

यातून एक व्यावहारिक फरक निष्पन्न होतो. मार्कअपमध्ये गती हे काळाचे फल असते: क्षण दिला की स्थिती मिळते. मधला कोणताही क्षण गाठण्यासाठी आधीच्या क्षणांतून जावे लागत नाही. स्क्रिप्ट लिहिणारा नवखा मनुष्य मात्र बहुधा ‘दर हाकेस दोन एकके पुढे सरकव’ असे लिहितो. सेकंदास साठ वेळा रंगविल्या जाणाऱ्या पडद्यावर त्याचा ठिपका ठरल्या वेळी पोहोचतो आणि एकशेवीस वेळा रंगविल्या जाणाऱ्या पडद्यावर दुप्पट वेगाने धावतो. सुजाण लेखक घड्याळाकडे पाहूनच स्थान ठरवितो व हा दोष टाळतो, हे खरे आहे. पण भाषा तो टाळावयास भाग पाडत नाही.

दुसरा फरक भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास अधिक रोचक वाटावा. मार्कअपमधील गती वस्तूच्या मूळ मूल्यास हात लावीत नाही. वर्तुळाचा मध्य २० वर आहे असे संहितेत लिहिले असेल, तर ठिपका पडद्यावर १८० पर्यंत गेला तरी संहितेत तो २० वरच राहतो. हालचाल संपली आणि ‘अखेरचे मूल्य कायम ठेवावे’ असे सांगितलेले नसले, तर तो मूळ जागी परततो. दर्शनी रूप बदलले, तरी त्याच्या मागे मूळ रूप शाबूत असते. स्थानीच्या जागी आदेश आला तरी स्थानीची ओळख व्याकरणास हवी तेव्हा उपलब्ध राहते, या आपल्या परिचयाच्या कल्पनेशी याचे नाते जाणवते. नेहमीच्या रीतीने लिहिलेली स्क्रिप्ट मूळ मूल्य खोडून त्याच जागी नवे मूल्य लिहिते. आरंभी तेथे काय होते हे लेखकाने वेगळे टिपून ठेवले नसेल, तर ते गेलेच.

एकाच गुणावर दोन हालचाली एकदम लागू झाल्या तर काय करावयाचे, या प्रश्नाचे मानकाने दिलेले उत्तर पाहून पाणिनीय परंपरेचा वाचक क्षणभर थबकल्याशिवाय राहणार नाही. मानक असे सांगते की, सर्वांत तळाशी मूळ मूल्य, त्यावर आधी सुरू झालेली हालचाल, आणि तिच्यावर नंतर सुरू झालेली, अशी थरांची रचना कल्पावी. वरचा थर ‘भर घालणारा’ असेल, तर तो खालच्या मूल्यात मिळविला जातो. नसेल तर खालच्यास झाकून टाकतो. दोन्ही एकाच क्षणी सुरू झाल्या असतील, तर संहितेत जी नंतर लिहिली असेल ती वर. हे ‘पर’ नियमाचे बलीयस्त्व म्हणावयास हरकत नाही. उलट, सीएसएस या शैलीभाषेत सामान्य वर्गास उद्देशून केलेल्या विधानापेक्षा विशिष्ट वस्तूस उद्देशून केलेले विधान वरचढ ठरते. तेथे उत्सर्ग-अपवादाचा न्याय चालतो. अर्थात हे साम्य फार ताणू नये. रूपसिद्धीत एकदा झालेले कार्य पुढील कार्याचा आधार बनते. येथे मात्र प्रत्येक क्षणी सर्व थर मूळ मूल्यापासून नव्याने रचले जातात. अष्टाध्यायी हे वर्णन की प्रक्रिया, हा वाद तर येथे उघडण्याचे कारणच नाही. सांगावयाचे एवढेच की, विधाने स्वतंत्रपणे केली असली म्हणजे त्यांच्या विरोधाचा निकाल लावणारा नियम भाषेतच असावा लागतो, आणि तो येथे आहे. दोन स्क्रिप्ट एकाच गुणावर लिहू लागल्या, तर ज्या स्क्रिप्टने शेवटी लिहिले तिचे मूल्य त्या क्षणापुरते टिकते. आकृती थरथरताना दिसते ती बहुधा याच कारणाने.

येथवर मार्कअपची बाजू मांडली. तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. वर्णनास गणित येत नाही. आरंभ, अखेर आणि मधले टप्पे आधीच ठाऊक असतील, तरच त्याचा उपयोग. विद्यार्थ्याने वर्गात ध्वनिमुद्रित केलेल्या वाक्याची स्वररेषा तत्काळ काढून दाखवावयाची असेल, तर ती मूल्ये लिहिण्याच्या वेळी अस्तित्वातच नसतात. त्यास स्क्रिप्टच हवी. संकेतार्थही मार्कअपला जेमतेमच साधतो: ‘वाचकाने दाबल्यास सुरू व्हावे’, ‘अमुक संपल्यास अर्ध्या सेकंदाने सुरू व्हावे’, एवढे म्हणता येते, पण ‘वाचकाचे उत्तर चुकल्यास’ असे म्हणता येत नाही, कारण अट घटनेवर लावता येते, मूल्यावर नाही. पुनरुक्तीचा कंटाळा ही आणखी एक गोष्ट. चाळीस रेघा उमटवावयाच्या तर चाळीस घटक लिहावे लागतात. स्क्रिप्टमध्ये एका फेऱ्यात काम होते. आकारान्तराच्या बाबतीत तर मार्कअप फारच काटेकोर आहे. जिभेचा वक्र ‘इ’ च्या स्थितीतून ‘आ’ च्या स्थितीत वितळत न्यावयाचा असेल, तर दोन्ही वक्रांचे वर्णन समान संख्येच्या आणि समान जातीच्या खंडांनी केलेले असले पाहिजे; नाही तर जीभ सरकण्याऐवजी उडी मारते. ध्वनिविज्ञानाच्या आकृत्या काढणाऱ्याने सर्व स्वरांसाठी बिंदूंची संख्या पहिल्या दिवशीच ठरवावी, हे यावरून उघड आहे.

सीएसएसमधील ॲनिमेशन हा तिसरा मार्ग मानण्याची रूढी आहे. २००७ साली वेबकिटच्या कर्त्यांनी तो पुढे आणला. माझ्या मते तो पहिल्याच मार्गाचा एक फाटा आहे, कारण तोही वर्णनच करतो. तो शिकण्यास सोपा आहे आणि त्याचा प्रसार आज सर्वांत अधिक आहे. परंतु एका हालचालीची सुरुवात दुसरीच्या अखेरीस बांधण्याची सोय त्यात नाही. प्रत्येकीचा विलंब आरंभापासून मोजून हाताने लिहावा लागतो. बहुभुजाच्या बिंदूंसारखे काही गुणही त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

आता ज्या घटनेने या वादास धार आली तिच्याकडे वळू. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररने २०११ साली नवव्या आवृत्तीत एसव्हीजी स्वीकारली, पण तिच्यातील गतिवर्णन स्वीकारले नाही. पुढे आलेल्या एज ब्राउझरनेही ते दूरच ठेवले. त्याच वर्षी फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीने मात्र ते घेतले. जे सर्वत्र चालत नाही ते लोक लिहीत नाहीत, आणि लोक लिहीत नाहीत म्हणून ते चालविण्याची कोणास निकड वाटत नाही, असे चक्र सुरू झाले. २०१५ साली क्रोमच्या कर्त्यांनी एसव्हीजीतील स्माइल मोडीत काढण्याचा मानस जाहीर केला. सीएसएस आणि नवी वेब ॲनिमेशन्स ही सोय तिची जागा घेईल, असे त्यांचे म्हणणे होते. क्रोमच्या पंचेचाळिसाव्या आवृत्तीपासून अशा आकृत्या उघडणाऱ्या विकासकांस तशी सूचनाही दिसू लागली. वर्णनावर विश्वासून आकृत्या केलेल्या मंडळींनी हरकती घेतल्या. जे स्माइलमध्ये होते ते सारे नव्या साधनांत होत नव्हते. अखेर ऑगस्ट २०१६ मध्ये हा मानस स्थगित करण्यात आला. पुढे जानेवारी २०२० मध्ये एज ब्राउझर क्रोमच्याच पायावर नव्याने उभा राहिला आणि त्याबरोबर स्माइलही तेथे आले. इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. ज्या भाषेचा मृत्युलेख २०१५ साली लिहून झाला होता, ती आज सर्व प्रमुख ब्राउझरांत वाचली जाते.

या हकिकतीवरून कोणी असा निष्कर्ष काढील की, वर्णनात्मक संहिताही ब्राउझरकर्त्यांच्या मर्जीवरच जगते. मग तिचे श्रेष्ठत्व ते काय? आक्षेप रास्त आहे. वाचणारा नसेल तर कोणतीही संहिता मुकीच. परंतु या काळात घडलेली एक लहान गोष्ट येथे निर्णायक वाटते. स्माइल न वाचणाऱ्या ब्राउझरांसाठी डेव्हिड ल्यूनेन यांनी फेकस्माइल नावाची एक जावास्क्रिप्ट लिहिली. ती आकृतीतील गतिवर्णन वाचून स्वतः ते अमलात आणीत असे. म्हणजे मूळ आकृतीत अक्षराचाही बदल न करता, बाहेरून एक नवा वाचक आणून बसविता आला. याच्या उलट व्यवहार कल्पून पाहावा. स्क्रिप्टने हलणाऱ्या आकृत्यांच्या ढिगातून त्यांचे गतिवर्णन आपोआप काढून देणारे साधन सर्वसाधारणपणे करता येणार नाही; त्याचे कारण वर आलेच आहे. वर्णनापासून आज्ञा निर्माण करता येतात, आज्ञांपासून वर्णन नाही. दोन मार्गांतील हा विषमभाव मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

फ्लॅशच्या अंताने याचीच प्रचीती दिली. १९९६ च्या अखेरीपासून मॅक्रोमीडिया आणि २००५ च्या व्यवहारानंतर अडोबी यांच्या हाती असलेल्या या साधनात शैक्षणिक सामग्री अपरंपार तयार झाली. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशचा प्लेअर स्वतःच सामग्री चालविण्याचे नाकारू लागला. पाठ्यसामग्रीच्या कितीतरी संचिका त्या दिवसापासून राखाडी चौकोन होऊन बसल्या. त्यांपैकी काही आज रफल नावाच्या मुक्त अनुकारकाच्या साहाय्याने पुन्हा दिसतात. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासूनच तो उपयोगात आणला. त्यातही, काळपट्टीवर मांडलेली साधी चित्रगती तुलनेने लवकर हाती आली, आणि ॲक्शनस्क्रिप्टच्या तिसऱ्या आवृत्तीत लिहिलेल्या आज्ञावलींसाठी अनुकारकाच्या कर्त्यांना दीर्घकाळ झुंजावे लागले. काळपट्टी हे एक प्रकारचे वर्णनच होते, हे येथे ध्यानात घ्यावे. अलीकडे २०१७ साली एअरबीएनबीने पुढे आणलेले लॉटी हे साधनही पाहण्यासारखे आहे. चालविणारी स्क्रिप्ट आहे खरी. पण ती जे चालविते ते आकडे व टप्पे यांचे निव्वळ वर्णन असते. पुढल्या दाराने घालवून दिलेले वर्णन मागल्या दाराने परत आले!

टिम बर्नर्स-ली आणि नोआ मेंडेलसन यांनी २००६ साली वेब कन्सॉर्शियमच्या वतीने ‘अल्पतम सामर्थ्याचा नियम’ या नावाने एक टिपण संपादित केले. काम भागेल अशांपैकी सर्वांत कमी सामर्थ्याची भाषा निवडावी, कारण भाषा जितकी दुबळी तितका तिच्यात लिहिलेल्या माहितीचा अन्य उपयोग अधिक, असा त्याचा आशय आहे. आपल्या विषयातील याचे उत्तम उदाहरण म्हणजे उलरिख आपेल यांनी सुरू केलेला कांजीव्हीजी हा जपानी चित्रलिपीचा संग्रह. त्यात प्रत्येक कांजी चिन्हाच्या रेघा क्रमवार एसव्हीजीत नोंदविलेल्या आहेत. गती त्यात नाही. क्रम आणि आकार एवढेच वर्णन आहे. पण तेवढ्यावरून कोणी हलत्या आकृत्या केल्या, कोणी छापील तक्ते केले, कोणी हस्ताक्षर ओळखणारी साधने केली. एकेका चिन्हासाठी त्यांनी स्वतंत्र स्क्रिप्ट लिहिली असती, तर तो संग्रह एका पडद्यापुरताच राहिला असता.

सुरक्षिततेचाही संबंध येथे येतो. वेबपृष्ठात नुसते चित्र म्हणून बसविलेल्या एसव्हीजीतील स्क्रिप्ट ब्राउझर चालवीत नाही. गतिवर्णन मात्र चालवितो. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहात स्क्रिप्ट असलेली एसव्हीजी स्वीकारली जात नाही. आज्ञा परक्याच्या घरात पाळली जात नाही, पण कथनास तेथे मज्जाव नसतो.

देवनागरीपुरता विचार करावयाचा तर ‘व’ हे अक्षर घेऊ: वाटी, दंड आणि शिरोरेषा अशा तीन रेघा. टंकातील अक्षर कडेच्या बाह्यरेषेने वर्णिलेले असते, लेखणीच्या मार्गाने नव्हे. म्हणून प्रत्येक रेघेचा मध्यमार्ग वेगळा आखून घ्यावा लागतो. त्या मार्गाची लांबी एक मानून, तुटक रेषेचा आरंभबिंदू एकापासून शून्यापर्यंत सरकविला की रेघ लिहिली जात असल्याचा भास होतो. बोरूच्या तिरक्या टाकामुळे येणारी जाडबारीक छटा टिकवावयाची असेल, तर हाच मध्यमार्ग जाड करून मुखवट्यासारखा वापरावा आणि त्याखालील टंकातील आकार क्रमाने उघडा करावा. वाटीस १.२ सेकंद, दंडास ०.६, शिरोरेषेस ०.८ आणि मध्ये ०.३ सेकंदांचे दोन विराम धरल्यास सर्व मिळून ३.२ सेकंद होतात. ‘दंड वाटी संपल्यावर ०.३ सेकंदाने सुरू होतो’ असे मार्कअपमध्ये लिहिले, म्हणजे उद्या वाटीस दोन सेकंद द्यावेसे वाटले तरी पुढले काहीही बदलावे लागत नाही. सीएसएसमध्ये दंड आणि शिरोरेषा या दोहोंचे विलंब पुन्हा मोजावे लागतील. ‘व’ पुरते ते जमेल. ‘विद्यार्थी’ या शब्दात जिवावर येईल.

ध्वनी जोडावयाचा झाला की शुद्ध मार्कअप अपुरे पडते. स्माइलच्या मूळ भाषेत ध्वनी व चित्र एका सूत्रात ओवता येत होते. ब्राउझरांतील एसव्हीजीत ती सोय आली नाही. जिभेची आकृती आणि उच्चाराचे ध्वनिमुद्रण बरोबरीने चालावयाचे असेल, तर त्यासाठी संपूर्ण आकृती स्क्रिप्टच्या स्वाधीन करण्याची मात्र गरज नाही. एसव्हीजीच्या मूळ घटकास आपले घड्याळ थांबविण्याची आणि दिलेल्या क्षणी लावण्याची आज्ञा देता येते. आकृतीचे घड्याळ थांबवून ठेवावे, आणि ध्वनी चालू असताना ‘ध्वनीचा जो क्षण तोच तुझा क्षण’ एवढेच स्क्रिप्टने दर हाकेस सांगावे. दहा ओळींच्या आत हे काम होते. विद्यार्थ्याने ध्वनी मागे ओढला तर जीभही मागे जाते, कारण प्रत्येक क्षणाची स्थिती वर्णनात आधीपासूनच आहे. जिभेविषयीचे ज्ञान सारे संहितेत राहते, आणि स्क्रिप्ट केवळ घड्याळाचा काटा फिरविते. पुढे ही स्क्रिप्ट निकामी झाली तरी नवी लिहिता येईल; गमावले जाईल ते एवढेच.

एक बाब मात्र मार्कअपवर सोडून चालणार नाही. वेबच्या सुगम्यतेच्या मानकाप्रमाणे आपोआप सुरू होणारी आणि पाच सेकंदांहून अधिक काळ अन्य मजकुराशेजारी चालणारी हालचाल वाचकास थांबविता आली पाहिजे. वरील ‘व’ एकदा लिहून थांबला, तर तो या मर्यादेच्या आत बसतो. तोच अखंड फिरत ठेवला की बसत नाही. हालचालीने ज्यांस घेरी येते असे वाचक आपल्या यंत्रावर ‘गती कमी ठेवावी’ अशी निवड करून ठेवू शकतात. सीएसएसला ही निवड विचारता येते, स्माइलला ती विचारण्याची सोय नाही. तेव्हा आकृतीशेजारी थांबविण्याची कळ ठेवावी, ही निवड आढळल्यास आरंभीच घड्याळ अखेरच्या क्षणी लावून ठेवणारी दोन ओळींची स्क्रिप्ट जोडावी, आणि ती आकृतीच्या संचिकेत न घालता पृष्ठात ठेवावी, म्हणजे संग्रहात जाणारी आकृती निर्भेळ वर्णन म्हणूनच जाईल.